शिक्षकांचे सहकार्य आणि शाळेतील अध्यापन

शाळेच्या हजेरीपटावर सहा शिक्षकांच्या सह्या असल्या, म्हणजे त्या शाळेत सहा जणांचे मिळून एक काम चालू आहे असे समजण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी सहा खोल्यांत सहा निरनिराळ्या शाळा चालतात. परिपाठ एकत्र होतो, मधल्या सुट्टीतला चहा एकत्र होतो, स्वातंत्र्यदिनाची कवायत सर्वांनी मिळून बसविलेली असते. परंतु तिसरीच्या वर्गात वजाबाकी कोणत्या रीतीने शिकविली गेली, हे चौथीच्या शिक्षकांना बहुधा ठाऊक नसते; आणि ते विचारणे म्हणजे दुसऱ्याच्या कामात डोकावणे, असा एक अलिखित संकेत पाळला जातो. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या शिक्षकी पेशावरील ग्रंथात शाळेच्या या रचनेला अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली होती. प्रत्येक अंडे आपल्या कप्प्यात सुरक्षित असते. शेजारच्याला धक्का लागत नाही आणि शेजारच्याचा आधारही मिळत नाही. उपमा परक्या देशातील असली, तरी आपल्याकडील शाळेच्या ओसरीवरून चालत गेल्यास ती परकी वाटत नाही.

या एकटेपणाची झळ शिक्षकांपेक्षा मुलांना अधिक लागते. दर जूनमध्ये मुलाचा वर्ग बदलतो, शिक्षक बदलतात आणि कित्येकदा रीतही बदलते. गेल्या वर्षी जे बरोबर म्हणून शाबासकी मिळाली, तेच या वर्षी खोडले जाते. हुशार मूल दोन्ही रीती पचविते. मागे पडलेले मूल मात्र 'आपल्याला गणित येत नाही' असा स्वतःविषयीचा निर्णय आठव्या-नवव्या वर्षीच करून बसते, आणि पुढे त्याच्याविषयी शाळेचाही निर्णय तोच होतो.

केंद्रशाळेची कल्पना

शिक्षकांनी एकत्र येऊन काम करावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) शाळा-संकुलाची कल्पना मांडली. परिसरातील प्राथमिक शाळा एखाद्या माध्यमिक शाळेभोवती जोडून घ्याव्यात, त्यांनी साधने, ग्रंथ आणि अनुभव यांची देवघेव करावी, आणि एकेकट्या पडलेल्या शिक्षकांना व्यवसायातील सोबत मिळावी, असा त्यामागील हेतू होता. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्याचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ग्रामीण शिक्षणाचे प्रश्न त्यांनी जवळून पाहिले होते, हे लक्षात घेतले म्हणजे आयोगाच्या अहवालात लहान गावातील शाळेची एवढी आस्था का दिसते, याचा थोडाफार उलगडा होतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संकुलाच्या कल्पनेचा पुरस्कार केला, आणि महाराष्ट्रात १९९४ साली केंद्रशाळा व केंद्रप्रमुख ही योजना आकारास आली. साधारण दहा शाळांचे एक केंद्र, त्यांच्या शैक्षणिक मार्गदर्शनासाठी एक केंद्रप्रमुख आणि महिन्यातून एकदा शिक्षकांचे संमेलन, अशी तिची रूपरेषा होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळा-संकुलाचा पुरस्कार केला असून प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे.

म्हणजे रचना आहे, तिला जवळजवळ साठ वर्षांच्या विचारांचे पाठबळ आहे. असे असूनही संमेलनातून परतणाऱ्या शिक्षकाच्या पिशवीत उद्याच्या तासाला उपयोगी पडेल असे काही असतेच असे नाही. संमेलनाचा बराचसा वेळ परिपत्रकांचे वाचन, माहितीचे तक्ते भरणे आणि राहिलेल्या माहितीची मागणी यांत जातो. केंद्रप्रमुखांची पदे अनेक ठिकाणी दीर्घकाळ रिक्त राहिली आणि एकाकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार आला, तेव्हा तर संमेलन म्हणजे टपालाची देवघेव असे स्वरूप त्यास आले. दोष कोणा एका व्यक्तीचा नव्हे. माणसे एका खोलीत बसविली की गट तयार होतो, ही समजूतच मुळात चुकीची आहे. अँडी हारग्रीव्ह्ज या अभ्यासकाने १९९४ सालच्या आपल्या ग्रंथात अशा वरून लादलेल्या एकोप्याचा आणि शिक्षकांच्या गरजेतून वाढलेल्या सहकार्याचा भेद स्पष्ट केला आहे. पहिल्या प्रकारात वेळ, स्थळ आणि विषय तिन्ही दुसऱ्याने ठरविलेली असतात. दुसऱ्यात निदान विषय तरी शिक्षकांचा असतो.

(येथे 'गट' हा शब्द हेतुतः योजिला आहे. 'संघ' म्हटले की शिक्षकांच्या संघटनेचे स्मरण होते. सेवाशर्तींसाठी संघटना हवीच. पण तिचे काम निराळे.)

होशंगाबादचा प्रयोग

गरजेतून वाढलेल्या सहकार्याचे भारतातील एक ठळक उदाहरण मध्य प्रदेशातील आहे. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरम् परिसरात, १९७२ साली किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी राज्य शासनाच्या अनुमतीने १६ माध्यमिक शाळांतून विज्ञान-शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. येथे माध्यमिक म्हणजे सहावी ते आठवीच्या शाळा, हे ध्यानात ठेवावे. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला. १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो पुढे चालविला आणि २००२ साली तो बंद करण्यात आला.

मुलांनी स्वतः प्रयोग करावेत, त्यांवरून निष्कर्ष काढावेत, ही या कार्यक्रमाची प्रसिद्ध बाजू होय. तितकीच महत्त्वाची, पण कमी ज्ञात अशी बाजू म्हणजे शिक्षकांच्या मासिक गोष्ठी. आसपासच्या शाळांचे विज्ञान-शिक्षक संगम केंद्रावर जमत. गेल्या महिन्यात कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर कोणालाच का देता आले नाही, अशा गोष्टींवर तेथे बोलणे होई. शिक्षकांनी सांगितलेल्या अडचणी 'बाल वैज्ञानिक' या पाठ्यपुस्तकाच्या फेररचनेत विचारात घेतल्या जात. आपण सांगितलेली अडचण छापील पानावर परिणाम घडविते, असा अनुभव आलेला शिक्षक पुढच्या गोष्ठीला रिकाम्या हाताने येत नाही. सभेला उपस्थितीची सक्ती आणि सभेची ओढ यांतील अंतर येथे दिसून येते.

जपानमधील पाठ-अभ्यास

दुसरे उदाहरण जपानचे. १९९५ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान पाहणीच्या जोडीने आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचे चित्रमुद्रण करण्यात आले. त्यांत जर्मनीतील १००, अमेरिकेतील ८१ आणि जपानमधील ५० तास होते. या चित्रफितींच्या अभ्यासावर आधारलेला जेम्स स्टिगलर व जेम्स हीबर्ट यांचा ग्रंथ १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि जपानी शाळांतील 'जुग्यो केन्क्यू', म्हणजे पाठ-अभ्यास, या जुन्या पद्धतीकडे इतर देशांचे लक्ष वेधले गेले.

पद्धत साधी आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ निवडतात. पाठ्यवस्तू तपासतात, मुले कोणकोणती उत्तरे देतील याचा आधीच अंदाज बांधतात आणि टाचण तयार करतात. त्यांपैकी एक जण तो पाठ आपल्या वर्गात घेतो. बाकीचे वर्गात उभे राहून मुलांचे निरीक्षण करतात. त्यानंतर चर्चा होते, टाचण सुधारले जाते आणि कित्येकदा दुसऱ्या वर्गात तोच पाठ पुन्हा घेतला जातो. चर्चेचा विषय पाठ हा असतो, तो घेणारी व्यक्ती नसते. टाचण सर्वांचे असल्यामुळे पाठ फसला तर तो सर्वांचा फसतो. जपानी शाळेत शिक्षकांची मेजे एकाच मोठ्या शिक्षक-खोलीत शेजारी शेजारी मांडलेली असतात, ही बाब किरकोळ वाटेल. पण रोजच्या बोलण्यातून पाठाची तयारी होण्यास तिचा मोठा हातभार लागतो.

आपल्याकडेही पाठनिरीक्षण होते. तथापि निरीक्षक मागच्या बाकावर बसतो, त्याची नजर फळ्यावर आणि शिक्षकावर असते, आणि तास संपल्यावर शेरेबुकात दोन ओळी लिहिल्या जातात. 'अध्यापन समाधानकारक' या शेऱ्याने कोणाचेही अध्यापन आजवर सुधारलेले नाही. पाठ-अभ्यासात बाक तोच राहतो, बदलते ती नजर. निरीक्षकाने मुलाशेजारी बसावयाचे आणि त्याची पेन्सिल पाहावयाची.

एका वजाबाकीचे निरीक्षण

याने काय साधते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. चौथीच्या वर्गात ४०२ मधून १५८ वजा करावयास दिले आहेत असे समजू. बरोबर उत्तर २४४. वह्या गोळा केल्यावर शिक्षकांना दिसते की काही मुलांनी ३५६ लिहिले आहे, काहींनी २५४. शिक्षक दोन्हींवर फुली मारतात आणि फळ्यावर उदाहरण पुन्हा सोडवून दाखवितात. दुसऱ्या दिवशी तीच मुले पुन्हा चुकतात.

३५६ ची चूक वहीवरून ओळखता येते. मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. आठातून दोन गेले सहा, पाचातून शून्य गेले पाच, चारातून एक गेला तीन. वरची संख्या कोणती आणि खालची कोणती, हा भेदच त्याच्या लेखी नाही.

२५४ चे तसे नाही. एक मूल एककासाठी दहा घ्यावयाचे म्हणून शून्य ओलांडून थेट चाराकडे जाते. चाराचे तीन होतात, दोनाचे बारा होतात, शून्य तसेच राहते. मग शून्यातून पाच जात नाहीत, तेव्हा ते मूल पाच लिहून मोकळे होते. दुसरे मूल शतक सुट्टे करून शून्याचे दहा करते, हे अगदी बरोबर. पण त्या दहांतून एक दशक एककाला दिल्यावर नऊ उरले, हे ते विसरते. दहातून पाच गेले पाच. दोघांच्या वहीत उत्तर एकच, २५४. पहिल्या मुलाला दशकाचे घर रिकामे असताना काय करावे हे कळलेले नाही; दुसऱ्याला सर्व कळले आहे, केवळ हिशेबाची शेवटची नोंद राहिली आहे. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे हातात देऊन एक शंभराचा गठ्ठा सोडावयास लावला पाहिजे. दुसऱ्याला तसे करावयास लावणे म्हणजे त्याचा वेळ घालविणे. चाळीस वह्या तपासणाऱ्या एकट्या शिक्षकाला हा फरक दिसणे कठीण, कारण तो कागदावर उरलेलाच नसतो. मूल लिहीत असताना शेजारी बसलेल्या दुसऱ्या शिक्षकाला तो दोन मिनिटांत दिसतो.

याच उदाहरणातून गटाचे दुसरे काम पुढे येते. ५३ वजा २७ हे उदाहरण दोन रीतींनी करता येते. एका रीतीत वरच्या पाच दशकांपैकी एक सुट्टे करून चार उरवितात. दुसऱ्या रीतीत वरच्या एककात दहा मिळवितात आणि त्याची भरपाई म्हणून खालच्या दोन दशकांचे तीन करतात. दोन्ही रीती निर्दोष असून दोन्हींनी उत्तर २६ येते. परंतु शाळेत पहिली आणि घरी वडीलमाणसांकडून दुसरी शिकलेले मूल वरच्या पाचाचे चारही करते आणि खालच्या दोनाचे तीनही करते. त्याचे उत्तर येते १६. अशा मुलाला निष्काळजी म्हटले जाते. वास्तविक ते अतिशय आज्ञाधारक असते. त्याने दोन्ही गुरूंचे ऐकलेले असते. तिसरीच्या, चौथीच्या आणि पाचवीच्या शिक्षकांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्धा तास बसून 'या शाळेत वजाबाकी अमुक रीतीने, अमुक शब्दांत शिकवावयाची' एवढे ठरविले, तर हा घोटाळा निम्मा तरी कमी होईल. उरलेल्या अर्ध्यासाठी पालकसभेत तीच रीत फळ्यावर करून दाखवावी.

संख्यावाचनाच्या बाबतीत तर असा निर्णय टाळताच येत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस' याच्या जोडीला 'वीस पाच' असे वाचन आले, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका अशी होती की, मराठीत आधी एकक आणि मग दशक उच्चारला जातो, लिहिताना मात्र उलट क्रम असतो, आणि लहान मुलांचा त्यामुळे गोंधळ होतो. 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिणारी मुले प्रत्येक पहिली-दुसरीच्या शिक्षकाने पाहिलेली आहेत. एकोणतीस आणि एकोणऐंशी यांची गोष्ट आणखीच वेगळी, कारण तेथे उच्चारात येणारे दशक पुढचे असते. जपानी भाषेत पंचवीसला 'दोन दहा पाच' अशा अर्थाचे शब्द आहेत, तेव्हा तेथील मुलापुढे हा प्रश्न उभाच राहत नाही. वादात कोणाची बाजू खरी, हा येथील विषय नाही. दुसरीच्या बाईंनी 'वीस पाच' म्हणावयास शिकविले आणि तिसरीच्या गुरुजींनी ते हसण्यावारी नेले, तर मुलाने कोणाकडे पाहावे, हा विषय आहे. जोडवाचन कोणत्या इयत्तेत वापरावयाचे आणि रूढ नावांकडे केव्हा वळावयाचे, हे पुस्तक ठरवू शकत नाही. ते त्या शाळेतील शिक्षकांनीच मिळून ठरवावे लागते.

लहान शाळा, वेळ आणि मुख्याध्यापक

राज्यात द्विशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत. दोन शिक्षकांकडे मिळून चार-पाच इयत्ता असताना एकाने दुसऱ्याच्या वर्गात बसावे कसे, ही शंका रास्त आहे. अशा ठिकाणी गट शाळेचा नव्हे, केंद्राचा असावा लागतो. जवळच्या तीन-चार शाळांतील पहिली-दुसरीचे शिक्षक एक गट, तिसरी ते पाचवीचे दुसरा, अशी वाटणी झाल्यास मासिक संमेलनात एका शाळेतील मुलांसह प्रत्यक्ष पाठ घेता येतो. दहा शाळांतील सर्व शिक्षकांना एकच व्याख्यान ऐकविण्यापेक्षा सात-आठ जणांनी एक पाठ पाहणे अधिक फलदायी ठरते. परिपत्रके वाचून दाखविण्याची आता गरजही उरलेली नाही. ती भ्रमणध्वनीवर आधीच आलेली असतात.

वेळ नाही, ही तक्रार खोटी नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या परिशिष्टात शिक्षकांच्या कामाचे आठवड्याला ४५ तास सांगितले आहेत, आणि त्यांत अध्यापनाबरोबर तयारीचाही समावेश स्पष्ट शब्दांत केलेला आहे. तयारीचा हा वेळ वेळापत्रकात मात्र क्वचितच दाखविला जातो, आणि जे वेळापत्रकात नसते ते अन्य कामांनी व्यापले जाते. त्याच अधिनियमाच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांना नेमता येत नाही. तालुका आणि जिल्हा स्तरावरील अधिकाऱ्यांनी माहितीचा नवा तक्ता मागविण्यापूर्वी हे कलम एकवार डोळ्यांखालून घालण्यास हरकत नसावी.

वेळापत्रकात आठवड्याचा एक तास राखणे मुख्याध्यापकांच्या हाती आहे. त्याहून मोठी गोष्टही त्यांच्याच हाती आहे. पहिला पाठ त्यांनी स्वतः घ्यावा. आपला वर्ग आधी उघडणाऱ्या मुख्याध्यापकाच्या शाळेत दुसऱ्याचा वर्ग उघडण्यास फारसे सांगावे लागत नाही; केवळ इतरांचे पाठ पाहावयास निघालेला मुख्याध्यापक मात्र तपासणीसाठीच आला असे धरले जाते. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाचा पाठ प्रथमच चर्चेला घेऊ नये. चर्चेत पाठ घेणाऱ्याने आधी बोलावे, इतरांनी मुलांविषयी जे पाहिले तेच सांगावे, आणि त्यातील काहीही गोपनीय अहवालात जाणार नाही याची हमी असावी. ही हमी एकदा जरी मोडली, तरी त्या शाळेतील दारे पुन्हा बंद होतात, आणि मग ती वर्षानुवर्षे उघडत नाहीत.

समिती, ग्रामपंचायत आणि बदल्या

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे व विकास आराखडा तयार करणे ही तिची कायद्याने ठरविलेली कामे आहेत. या आराखड्यांत संरक्षक भिंत, रंगकाम, पाण्याची टाकी यांची नोंद असते आणि ती असावयासच हवी. शिक्षकांनी एकत्र बसण्याचा तास त्यात आढळत नाही, कारण त्याला खर्च नाही आणि म्हणून त्याचे अंदाजपत्रकही नाही. मुले घरी अर्धा तास लवकर आली, तर गावात कुरबुर होते. ती मुले लवकर का सुटली, त्या अर्ध्या तासात गुरुजी काय करीत होते, हे समितीच्या सदस्यांना ठाऊक असेल तर ते गावाला समजावून सांगू शकतात. ग्रामपंचायत सदस्यांनीही वर्षातून एखाद्या पाठचर्चेला केवळ ऐकण्यासाठी बसावे. ४०२ मधून १५८ वजा करताना आपल्या गावातील मुले कोठे अडतात, हे पाहिलेला सदस्य ग्रामसभेत शाळेविषयी वेगळे बोलू लागतो.

राहता राहिला बदल्यांचा प्रश्न. जिल्हा परिषद शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्यांचे धोरण २०१७ साली नव्याने ठरले आणि २०१८ पासून त्या संगणकीय प्रणालीद्वारे होऊ लागल्या. दुर्गम भागात वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या शिक्षकांना त्यामुळे न्याय मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु चार वर्षांत जमलेला गट एका आदेशाने विखुरतो, हेही तितकेच खरे. जपानमधील सरकारी शाळांतही शिक्षकांच्या ठरावीक वर्षांनी बदल्या होतात, तरीही तेथील पाठ-अभ्यास टिकून राहतो. त्याचे एक कारण असे की, सुधारलेली टाचणे आणि चर्चेचे अहवाल शाळेत राहतात व नव्या शिक्षकाला ते वाचावयास मिळतात.

आपल्या शाळेत कार्यभार देताना-घेताना किल्ल्या, रोकडवही आणि जडसंग्रह नोंदवही यांची यादी करून दोघांच्या सह्या होतात. मोडक्या खुर्चीचीही त्यात नोंद असते. कोणत्या मुलांना रिकामे दशक कळले नाही, शाळेने वजाबाकीची कोणती रीत ठरविली आहे, 'वीस पाच' कोठवर म्हणावयाचे, हे लिहिलेली शंभर पानांची एक साधी वही त्या यादीत आणखी एका क्रमांकाने वाढविता येईल. त्यासाठी कोणत्याही नव्या शासन निर्णयाची आवश्यकता नाही. येत्या मे महिन्यात ज्यांची बदली होणार आहे, त्या शिक्षकांपासून ती वही सुरू करता येते.